कुणी पाठवलं

वेंगुर्ल्यात बंदराच्या वाटेवर, खतांच्या दुकानावरच्या माडीत
आमची लॅब. मी तिथं लोकांचं रक्त काढते.
अकरा वर्षं झाली.
शीर सापडत नाही अशा म्हाताऱ्या माझ्याच वाट्याला येतात,
चेंगटे डॉक्टर म्हणतात, प्रणिताला बोलवा.

सुजेचा आकडा रोज लिहिते.
साडेचार. बारा. एकदा एकशे चाळीस,
तो निवतीचा पोरगा होता, पायात शिंगाळ्याचा काटा मोडलेला.
कागद घेऊन मी धावत जिना उतरले होते.
तेव्हा धावता येत होतं.

नारळी पुनवेपासून मला बांगड्याचा वास येईना.
नाक ठीक होतं. वास घरात होता,
माझ्यापर्यंत पोचत नव्हता एवढंच.
दिगंबर ट्रॉलरवरून आला, टोपली ठेवली, तसाच उभा राहिला.
"काय झालां गो तुका?"
काही झालं असतं तर सांगितलं असतं.
सकाळी मुठी मिटत नव्हत्या, त्याला वय म्हटलं.
उठवत नव्हतं, त्याला आळस.
दोघं एकाच घरातून येत असतील
असं वाटलं नाही,
मी, जी दिवसभर हेच मोजते.

मांडवीच्या खाडीकाठी उलट्या घातलेल्या होडीखाली
एक कुत्रा बसून होता, मागचा पाय फाटलेला.
हाक मारली तर येईना, खाईना, शेपूट हलवीना.
कुणी म्हटलं नाही की तो खचलाय.
ताप आलेलं माणूस भिंतीकडे तोंड करतं,
पेज नको म्हणतं, दिवा नको म्हणतं,
त्याला कुणी सांगत नाही, जरा हस, बाहेर फिरून ये.
रक्तच मेंदूला निरोप धाडतं:
आडवा हो, दार लोटून घे, आत मारामारी चालू आहे.
मारामारी मिटली की निरोप मागे घ्यायचा असतो.
माझ्याकडे कोणी आलंच नाही तो घ्यायला.

एका रविवारी, लॅब बंद असताना,
दंडाला पट्टा बांधला, टोक दातात धरून.
दुसऱ्या टोचणीला शीर मिळाली. माझीच, आणि चुकले.
यंत्र गरगरलं, थांबताना नेहमीसारखं खडखडलं.
एकवीस पॉइंट सहा.
"कुणी पाठवलं" या रकान्यात लिहिलं: स्वतः.
मग स्टुलावर बसून रडले,
आकडा सोबतीला आला म्हणून.

चेंगटे म्हणाले, सगळ्यांचं असं नसतं.
सूज नसलेलीही अशीच बुडतात,
आणि सुजलेली कितीतरी हसत बाजार करतात.
सांध्यांना गोळी देतो,
मनाच्या डॉक्टरकडे कुडाळला जा.
दोन्ही कर. मधे "किंवा" घालू नकोस.

त्या रात्री अंधारात मी गाऱ्हाणं घातलं,
वेशीवरच्याला नाही, आतल्याला.
बा राखणदारा म्हाराजा,
जो कोण चोर इलो होतो, तो कधीच गेलो.
व्हय म्हाराजा.
आता तू मारतंस ती आपलीच माणसां आसत.
व्हय म्हाराजा.
काठी खाली ठेव. अंधारात तुका वळख पटना नाय,
तुझी चूक नाय ती, पण ठेव.
व्हय म्हाराजा, हेही मलाच म्हणावं लागलं,
हळू, दिगंबर जागा होऊ नये इतकं.
तो जागाच होता. कुशीवर वळून त्यानं एकदा म्हटलं,
व्हय म्हाराजा.

होडी आता पाण्यात आहे.
कुत्र्याचं काय झालं विचारलं नाही.
कुडाळच्या बाईंनी पुढची तारीख दिलीय, एसटीचं तिकीट पर्समध्ये आहे.
वास अजून अर्धाच येतो.
आज साडेआठला मूठ मिटली.
गेल्या आठवड्यात नऊ वाजत होते.